घरासाठी स्वस्त कॉर्डलेस ड्रिल घेताना

डब्यावरचा व्होल्टचा आकडा आधी बाजूला ठेवा. लिथियम सेल साधारण 3.6 व्होल्टचा, पाच सेलची बॅटरी 18 व्होल्टची. तीच पूर्ण चार्ज झाली की 21 दाखवते, म्हणून '18', '20 मॅक्स' आणि '21' हा बहुधा एकच माल. '48' किंवा '88' लिहिलेली हलकी, छोटी बॅटरी दिसली तर सरळ पुढच्या दुकानात जा. बॅटरीत खरी ऊर्जा किती ते मोजायचं तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर (बॅटरीवरचा 'Ah' आकडा): 18 × 2 म्हणजे 36 वॅट-अवर.

स्क्रू, बिजागऱ्या, फर्निचर जोडणी एवढंच असेल तर 12 व्होल्ट पुरतं, हातही दुखत नाही. भिंतीला भोकं पाडायची असतील तर 18 व्होल्ट आणि हॅमर मोड (फिरता फिरता ठोके देणारी सोय) हवाच. विटांच्या भिंतीत 6 मिमीचं मेसनरी बिट (वीट-दगडात भोक पाडायचं टोक) सहज जातं. पडद्याचा रॉड मात्र खिडकीवरच्या लिंटेलमध्ये (आडव्या तुळईत) येतो, आणि तिथे काँक्रीट! साधा हॅमर ड्रिल तिथे बहुधा नुसता खडखडतो, बिट तापून बोथट होतं. त्याला एसडीएस-प्लस रोटरी हॅमर (जोरदार ठोके देणारं वेगळं यंत्र) बरा; दोन-चार भोकांसाठी तो भाड्याने आणा.

दुकानात चकमध्ये (बिट धरणाऱ्या जबड्यात) बिट बसवून हळू फिरवा. टोक गोल डोलत असेल तर घेऊ नका. सुटी बॅटरी केवढ्याला मिळते तेही विचारा, कारण आधी तीच जाते. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर ती अर्धी चार्ज करून, उन्हापासून लांब ठेवा.