काम सुटल्यावरचे ३० दिवस : ईएसआयसीचा बेरोजगारी दावा आणि अडलेलं लॉगिन

आधी पगाराची स्लिप काढा. त्यात 'ईएसआय' (कर्मचारी राज्य विमा, तो चालवणारं महामंडळ ते ईएसआयसी) नावाची कपात असेल, म्हणजे १२,००० पगारावर ९० रुपये अशी पाऊण टक्क्याची, तरच पुढचं वाचण्यात अर्थ आहे. पगार २१,००० पर्यंत आणि कारखाना ईएसआयच्या कक्षेत असेल तर ही कपात होते आणि मालक वरून सव्वातीन टक्के भरतो. जळगाव एमआयडीसीतले चटई आणि पाइपचे कारखाने, डाळ मिल, अवधान, नरडाणा, शिरपूर, नवापूर इथले हजारो कामगार या कक्षेत येतात. अडचण एका ठिकाणी आहे आणि ती खान्देशाला चांगलीच लागते. कायद्याने, दुसरं काही न करता जिनिंग-प्रेसिंगच करणारा कारखाना 'हंगामी' धरला जातो आणि हंगामी कारखान्याला ईएसआय लागू नाही. कापसाचा हंगाम संपून जिनिंगचं काम बंद झालं, तर हा दावा करता येत नाही.

मोबाईलवर 'महाराष्ट्र बेरोजगार भत्ता, दरमहा ५,०००' असे व्हिडिओ फिरतात, त्यांच्या नादी लागू नका. 'महास्वयं' या सरकारी रोजगार पोर्टलवर नाव नोंदवल्याने नोकरीच्या जाहिराती येतील, भत्ता सुरू होणार नाही.

खरी योजना आहे अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना. १ जुलै २०१८ पासून ती आहे, आणि सरकार तिला मुदतीमुदतीने वाढ देतं. म्हणून अर्जाआधी चालू मुदत ईएसआयसीच्या शाखा कार्यालयात विचारून घ्या. आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त ९० दिवसांसाठी, सरासरी रोजच्या कमाईच्या निम्मी रक्कम मिळते. सरासरी अशी निघते : मागच्या चार अंशदान (ईएसआयचा हप्ता) कालावधींची, म्हणजे दोन वर्षांची एकूण कमाई भागिले ७३०. महिना १२,००० धरले तर २,८८,००० भागिले ७३० म्हणजे रोजचे साधारण ३९४ रुपये. त्याच्या निम्मे १९७, आणि ९० दिवसांचे सुमारे १७,७५०. पोट भरण्याइतके नाहीत, पण तीन महिन्यांचं भाडं आणि किराणा निघतो.

दावा काम सुटल्यावर ३० दिवसांनी करता येतो. बहुतेक जण हे ३० दिवस वाट पाहण्यात घालवतात, आणि तिथेच गणित चुकतं. हे दिवस दुरुस्तीचे आहेत. तुमचा दावा अर्जावर ठरत नाही. मालकाने ईएसआयसीकडे भरलेलं रिटर्न (तुमचे कामाचे दिवस आणि पगार यांची नोंद), आधार आणि बँक खातं या तीन ठिकाणच्या नोंदी एकमेकींशी जुळतात का, यावर ठरतो. ठेकेदार अजून फोन उचलतोय तोवर त्याच्याकडची नोंद दुरुस्त करून घ्या. महिन्याभराने तो 'सकाय ये' (उद्या ये) म्हणू लागतो.

पहिल्या आठवड्यात : सही जपून करा

हिशेब देताना ठेकेदार दोन-तीन कागद पुढे सरकवतो. त्यात एक राजीनामा असतो, बहुतेक वेळा इंग्रजीत. स्वतःहून काम सोडलं, स्वेच्छानिवृत्ती घेतली, शिस्तभंगाच्या कारवाईत काढलं, बेकायदेशीर संपात सहभाग घेतला, तर हा लाभ नाही. म्हणजे त्या एका सहीने ९० दिवस जातात. 'पूर्ण पगार मिळाला' या पावतीवर सही करायला हरकत नाही. राजीनाम्यावर आणि कोऱ्या कागदावर नको. 'उद्यापासून येऊ नको' असा व्हॉट्सअॅपवरचा निरोप असेल तर तो पुसू नका, स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. हजेरी कार्ड, गेटपास, पगार जमा झालेल्या पासबुकाची पानं यांच्या झेरॉक्स एका पिशवीत टाका.

रिटर्नमध्ये काय लिहिलंय ते बघा

ईएसआयसीच्या साइटवर 'इन्शुअर्ड पर्सन' असं लॉगिन आहे. साइटचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतोय याची खात्री करा. शोधल्यावर वर दिसणारी पहिली लिंक सरकारीच असते असं नाही. पहिल्यांदाच जात असाल तर 'साइन अप'मध्ये १० अंकी विमा क्रमांक, जन्मतारीख आणि मोबाईल क्रमांक मागतात. विमा क्रमांक ई-पहचान कार्डावर असतो, आणि तुमचं शाखा कार्यालय कोणतं तेही त्याच कार्डावर छापलेलं असतं. आत गेल्यावर अंशदानाचा तक्ता उघडा आणि तीन गोष्टी तपासा.

एक, दिवस. कालावधी दोन असतात : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. बेरोजगारीच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान ७८ दिवस, आणि त्याआधीच्या तीनपैकी कोणत्याही एका कालावधीत आणखी ७८ दिवस भरलेले लागतात. शिवाय विमाधारक नोकरी किमान दोन वर्षांची हवी. जूनमध्ये काम सुटलं असेल तर आधी ऑक्टोबर ते मार्च पाहा. ७८ म्हणजे महिन्याला सरासरी १३ दिवस. काही ठेकेदार २६ दिवस राबवून घेतात आणि कपात वाचवायला रिटर्नमध्ये १२ दाखवतात. सहा महिन्यांचे होतात ७२. सहा दिवसांनी दावा गेला! पासबुकात जमा पगार आणि तक्त्यातले दिवस शेजारी ठेवले की हा घोळ लगेच दिसतो. चालू कालावधीतली चूक मालक पुरवणी भरणा करून सुधारू शकतो. जुन्यासाठी कार्यालयाची परवानगी लागते आणि वेळ जातो.

दोन, कारण. कामगाराचे शून्य दिवस दाखवताना मालकाला यादीतून कारण निवडावं लागतं : 'ऑन लीव्ह', 'लेफ्ट सर्व्हिस', 'रिट्रेंचमेंट', 'नो वर्क' वगैरे. अकाउंटंट घाईत 'लेफ्ट सर्व्हिस' टाकून मोकळा होतो. मग शाखेत प्रश्न येतो, स्वतः सोडलं की काढलं? कामगारकपात करून काढलं असेल तर 'रिट्रेंचमेंट' टाकायला सांगा, आणि कामाचा शेवटचा दिवस भरायलाही सांगा. 'ऑन लीव्ह' टाकलं किंवा काहीच टाकलं नाही, तर कागदावर तुम्ही अजून नोकरीतच असता.

तीन, विमा क्रमांक एकच आहे ना? क्रमांक आयुष्यभर एकच राहायला हवा. मालक बदलला तरी तोच. पण जुन्या काळी नवा ठेकेदार आला की नवा क्रमांक काढायचा. मग ७८ दिवस दोन क्रमांकांत वाटले जातात आणि एकाही ठिकाणी पुरत नाहीत. जुनी कार्डं शोधा. दोन निघाली तर आधार आणि दोन्ही कार्डं घेऊन शाखेत क्रमांक एकत्र करण्याचा लेखी अर्ज द्या. हे काम ऑनलाइन होण्याची वाट पाहू नका.

ठेकेदार गायब झाला असेल तर कंपनीच्या एचआरकडे जा. ठेकेदाराच्या माणसांचं अंशदान भरण्याची जबाबदारी कायद्याने मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवरच आहे. 'तो आमचा माणूस नव्हता' हे उत्तर चालत नाही. अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक शिक्का घ्या.

आधार आणि नाव

सगळ्यात जास्त दावे नावावर अडतात. रेशनकार्डावर आडनाव आधी, आधारवर शेवटी. 'पावरा' कुठे दोन 'ए'ने, कुठे तीनने. लग्नानंतर आधारवर सासरचं नाव आणि कारखान्यात माहेरचं. संगणकाला ही दोन वेगळी माणसं वाटतात. नियम सोपा ठेवा : आधार बरोबर असेल तर बाकी सगळं आधारप्रमाणे करून घ्या. आधारच चुकलं असेल तर आधी आधार, मग बाकी. उलट क्रमाने गेलात तर तेच काम दोनदा करावं लागेल.

जन्मतारखेचं वेगळंच. पूर्वी कागद नसताना आधार काढलेल्या कित्येकांची तारीख '१ जानेवारी' पडलेली आहे. मालकाने दाखल्यावरची खरी तारीख भरली असेल तर साइन अपलाच 'माहिती जुळत नाही' असा लाल मजकूर येतो. तिथे पंधरा वेळा प्रयत्न करून काही होत नाही. आधी आधारवरची तारीख टाकून पाहा, मग दाखल्यावरची. जी चालेल ती मालकाने भरलेली आहे. आधारवरची जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, म्हणून जन्मदाखला हातात असल्याशिवाय तो प्रयत्न करू नका. नाव, पत्ता, मोबाईल अशा बदलाला आधार केंद्रावर ७५ रुपये लागतात, आणि पावतीवरचा क्रमांक जपायचा.

ओटीपी येत नाही

कारणं दोन-चारच असतात. सिम बंद पडलंय. रिचार्ज संपून नंबर दुसऱ्याला गेलाय. किंवा नोंदलेला नंबर तुमचा नव्हताच. शेवटचं कारण लोकांना पटत नाही, पण फार आढळतं. सेवा केंद्रातला मुलगा वेळ वाचवायला स्वतःचा नंबर टाकतो, कारखान्यातला सुपरवायझर पन्नास जणांसाठी आपला टाकतो. नोंदलेल्या नंबराचे शेवटचे अंक पडद्यावर दिसतात. ते तुमचे नसतील तर कोणाचे ते आठवा. ईएसआयसी पोर्टलवरचा नंबर मालकाकडून किंवा शाखेतून बदलून मिळतो, आधारचा मात्र फक्त तुम्हीच बदलायचा.

धडगाव, अक्कलकुवा, तोरणमाळ भागात नेटवर्क हीच अडचण. ओटीपी येईपर्यंत त्याची वेळ संपते. बाजाराच्या दिवशी खाली उतराल तेव्हा हे काम ठेवा, आणि ज्या फोनमध्ये ते सिम आहे तो फोन बरोबर न्या. घरी ठेवलेल्या फोनवर बायकोने ओटीपी वाचून दाखवायचा हा बेत सहसा फसतो. केंद्रचालकाला ओटीपी सांगू नका, आपल्या हाताने टाका. पासवर्ड वहीत स्वतः लिहा.

बँक

पतपेढीचं पासबुक चालत नाही. खान्देशात पगारही पतपेढीतून उचलणारे आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. खातं बँकेत आणि फक्त तुमच्या नावावर असावं. जुन्या पासबुकावरचा आयएफएससी टाकू नका. देना बँक १ एप्रिल २०१९ ला बँक ऑफ बडोदात विलीन झाली, तरी तिची पासबुकं घेऊन लोक अजून येतात. शाखेतून नवं पान छापून घ्या. वर्षानुवर्षं व्यवहार नसेल तर शंभर रुपये भरून खातं जागं आहे का बघा. निष्क्रिय असेल तर केवायसी पुन्हा द्यावी लागेल. केवायसी अपुरी असलेल्या 'स्मॉल' खात्यात ५०,००० च्या वर शिल्लक चालत नाही, मोठी रक्कम परत जाऊ शकते.

एकतिसाव्या दिवशी

लॉगिन करून योजनेच्या नावाचा पर्याय उघडा. बेरोजगारीचा कालावधी टाका. झालेल्या दिवसांचाच दावा होतो, पुढच्या दिवसांचा आगाऊ नाही. आधार आणि पासबुकाचं पान स्कॅन करून जोडा. चारही कोपरे दिसू द्या, पंख्याखाली हललेला फोटो नको. अपलोड झालं नाही तर अर्जाची प्रिंट काढून, सही करून, झेरॉक्ससह शाखेत हाताने किंवा पोस्टाने द्या. स्टॅम्प पेपरवरच्या प्रतिज्ञापत्राची अट २०२० मध्येच काढली आहे. कोणी त्याचे दोनशे-तीनशे मागत असेल तर उठून निघा. मधेच नवं काम लागलं तर त्या तारखेपासून लाभ थांबतो. ते लपवू नका, खोट्या माहितीवर खटला होतो. लाभ चालू असेपर्यंत ईएसआयची औषधोपचार सेवाही मिळते.

कार्ड सुरत-वापीकडचं असेल आणि आता तुम्ही नंदुरबारला असाल, तर शाखा बदलण्याची विनंती करा. क्रमांक तोच राहतो.

पीएफचं लॉगिन त्याच वेळी उघडा

पीएफ वेगळ्या खात्याचं, पण अडचणी त्याच. यूएएन, म्हणजे तुमचा पीएफचा कायमचा क्रमांक, नाव-जन्मतारखेला आधारशी जुळतो का पाहा. नाव चुकलं असेल तर 'जॉइंट डिक्लरेशन' (दुरुस्तीचा अर्ज) करा. मालकाने नोकरी सोडल्याची तारीख टाकली नसेल तर शेवटच्या अंशदानानंतर दोन महिन्यांनी 'मॅनेज'मधल्या 'मार्क एक्झिट'ने ती स्वतः टाकता येते. एकदा टाकली की स्वतः बदलता येत नाही, म्हणून शेवटच्या अंशदानाच्या महिन्यातलीच तारीख टाका. पैसे काढण्याचे नियम बदलत आहेत : १३ ऑक्टोबर २०२५ ला पीएफच्या केंद्रीय मंडळाने ठरवलं की बेरोजगारीत ७५ टक्के लगेच आणि बाकीचे १२ महिन्यांनी. तुमच्या लॉगिनमध्ये आज कोणता पर्याय दिसतो त्यावर चला. नोकरी साडेनऊ वर्षांच्या आसपास असेल तर पेन्शनचे पैसे एकरकमी काढायचा फॉर्म १०सी भरण्याआधी थांबा. सहा महिन्यांवरचा काळ पूर्ण वर्ष धरून १० वर्षं होतात आणि पेन्शनचा हक्क तयार होतो.

दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्याजिल्ह्यात पीएफचं 'निधी आपके निकट' शिबिर भरतं, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे अधिकारी समोर बसलेला असतो, फोनवरच्या वाट पाहण्यापेक्षा बरं. फोन करायचाच तर पीएफसाठी १४४७०, ईएसआयसीसाठी १८००-११-२५२६, आधारसाठी १९४७. काहीच हललं नाही तर 'सीपीग्राम्स' या केंद्र सरकारच्या तक्रार पोर्टलवर तक्रार टाका : विमा क्रमांक, अर्जाची तारीख, मालकाचा कोड, आणि नेमकं काय हवं ते एका वाक्यात. 'माझे पैसे अडकलेत' एवढंच लिहिलेली तक्रार 'माहिती अपुरी' म्हणून बंद होते. 'ऑक्टोबर ते मार्चमध्ये १५६ दिवसांऐवजी ७२ दाखवले आहेत, पासबुक जोडलं आहे' असं लिहिलं की ती पुढे सरकते.