इराणवरचा अग्रलेख वाचताना हातात पेन्सिल ठेवा

इराणच्या अणुकार्यक्रमावर बोलणी सुरू झाली की एकाच मसुद्याला एक वृत्तपत्र ‘ऐतिहासिक’ म्हणते आणि दुसरे ‘शरणागती’. कोणाचे पटते ते नंतर ठरवा. आधी लेखातला प्रत्येक आकडा, मुदत आणि क्रियापद अधोरेखित करा. सोबत दोन कागद हवेत: निर्बंध उठवण्याच्या बदल्यात इराणच्या अणुकार्यक्रमावर मर्यादा घालणाऱ्या, अमेरिकेसह सहा देशांनी इराणशी १४ जुलै २०१५ रोजी व्हिएन्नात केलेल्या कराराची परिशिष्टांसह प्रत आणि लेखाच्या तारखेआधीचा आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा (आयएईए) अहवाल.

लेख कोणाचा?

अग्रलेख ही वृत्तपत्राची भूमिका असते, पाहुण्या लेखकाचा लेख ही त्याची एकट्याची. इराणवर बॉम्बहल्ला करा, असे सांगणारा, अमेरिकेचे संयुक्त राष्ट्रांतले माजी राजदूत जॉन बोल्टन यांचा लेख २६ मार्च २०१५ रोजी न्यूयॉर्क टाइम्सने छापला. त्या वृत्तपत्राचे संपादकीय मंडळ मात्र कराराच्या बाजूने होते. ‘टाइम्स म्हणतो’ असे कोणी लिहिले, तर टाइम्समधले नेमके कोण ते पाहा.

वाटाघाटीतल्या माणसाचा लेख हा वाटाघाटींचाच भाग असतो. सप्टेंबर २०१३ मध्ये इराणचे तेव्हाचे अध्यक्ष रूहानी यांनी आणि एप्रिल २०२५ मध्ये, मस्कतच्या बोलण्यांच्या तोंडावर, परराष्ट्रमंत्री अराघची यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिले. अशा लेखात कोणत्या मागणीचा उल्लेखच नाही, हे शोधा. सवलतीची जागा बहुधा तिथे असते. तेहरानच्या ‘केहान’ या वृत्तपत्राचा प्रमुख सर्वोच्च नेत्याकडून नेमला जातो, तरीही त्याचा सूर म्हणजे इराणी वाटाघाटी पथकाचा सूर नव्हे. अनेकदा तो त्याच पथकावर तुटून पडतो.

टक्के, किलो, महिने

सर्वात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ द्या.

नैसर्गिक युरेनियमच्या दर १००० अणूंमध्ये साधारण ७ युरेनियम-२३५ चे, म्हणजे बॉम्बला उपयोगी प्रकारचे, असतात. नको असलेले बाकीचे काढत जाणे म्हणजे समृद्धीकरण. ते ७ जपून ८२५ काढले की उरलेल्या १७५ मध्ये प्रमाण ४ टक्के होते. आणखी १४० काढले की ३५ उरतात, म्हणजे २० टक्के. ६० टक्क्यांना जेमतेम १२ उरतात आणि ९० टक्क्यांना, म्हणजे शस्त्राच्या दर्जाला, ८. (प्रत्यक्षातली गळती इथे धरलेली नाही.) तेव्हा ‘६० वरून ९० म्हणजे अजून तिसरा हिस्सा वाट बाकी’ हे वाक्य दिसले की खूण करा. १२ वरून ८ वर यायला फक्त ४ अणू काढायचे आहेत. बहुतेक कष्ट पहिल्या चार टक्क्यांतच संपतात, आणि म्हणूनच २०१५ च्या करारात मर्यादा ३.६७ टक्के इतकी खाली ठेवली होती.

किलोंमध्येही एक खड्डा आहे. करारातली ३०० किलोंची मर्यादा युरेनियम हेक्झाफ्लोराइड या संयुगाच्या वजनाची होती. त्यातले युरेनियम २०२.८ किलो भरते. आयएईएचे अहवाल युरेनियमचे वजन देतात. दोन्ही आकडे शेजारी ठेवून ‘अजून मर्यादेच्या आत’ म्हणणारा लेख चुकलेला असू शकतो.

‘दहा बॉम्ब’ हा आकडा भागाकारातून येतो. १३ जून २०२५ रोजी इस्रायली हल्ले सुरू झाले तेव्हा इराणकडे ६० टक्क्यांचे ४४०.९ किलो युरेनियम असल्याचा आयएईएचा अंदाज आहे. एका बॉम्बसाठी आयएईएचे माप अशा ६० टक्क्यांच्या युरेनियमचे सुमारे ४२ किलो. भागाकार बरोबर आहे, पण बॉम्ब तयार आहेत असा त्याचा अर्थ नाही. तो माल आधी ९० टक्क्यांपर्यंत न्यावा लागतो, त्याचा धातू करावा लागतो, मग स्फोटक यंत्रणा जुळवावी लागते. ‘ब्रेकआउट’ची मुदतही फक्त पहिल्या बॉम्बपुरते द्रव्य मिळवण्याची असते. २०१५ पूर्वी ती दोन-तीन महिने मानली जात होती, करारात किमान एक वर्ष.

मुदती आणि तपासणी

‘दहा वर्षांत सगळे मोकळे’ हे अर्धसत्य. सेंट्रिफ्यूजच्या, म्हणजे समृद्धीकरण करणाऱ्या फिरत्या यंत्रांच्या, संख्येवरची मर्यादा १० वर्षांची, ३.६७ टक्के आणि ३०० किलो यांची १५, खाणीतून निघणाऱ्या कच्च्या मालावरची नजर २५. अण्वस्त्रप्रसारबंदी कराराला तर मुदतच नाही. पण सेंट्रिफ्यूजची मर्यादा आधी सुटते हा आक्षेप खरा आहे. करारसमर्थक लेख तो गाळत असेल, तर तेही टिपा.

‘इराणला २४ दिवसांची पूर्वसूचना’ हेही असेच. नतान्झसारख्या इराणच्या जाहीर अणुकेंद्रांवर सतत देखरेख होती. २४ दिवस होते ते जाहीर न केलेल्या जागेवरून वाद झाल्यास: १४ अधिक ७ अधिक ३. छोटे प्रयोग एवढ्यात पुसता येतील, ही शंका रास्त आहे. युरेनियमचे अंश मात्र इतक्या सहज निघत नाहीत.

पैसा

‘अमेरिकेने १५० अब्ज डॉलर दिले’ असे वाक्य असेल तर दोन गोष्टी तपासा: पैसा कोणाचा आणि हाती किती येणार. ती निर्बंधांमुळे गोठवलेली इराणचीच मालमत्ता होती. अमेरिकी अर्थखात्याच्या अंदाजाने प्रत्यक्ष वापरता येणारी रक्कम ५० अब्जांच्या थोडी वर होती. अमेरिकेने इराणला दिलेले १.७ अब्ज डॉलर हा वेगळाच हिशेब, १९७९ पूर्वीच्या शस्त्रखरेदीच्या वादाचा: ४० कोटी मुद्दल, बाकी व्याज.

क्रियापदे आणि क्रम

‘बॉम्ब बनवत आहे’, ‘बनवू शकतो’ आणि ‘बनवत नाही याची खात्री देता येत नाही’ ही तीन वेगळी विधाने आहेत. आयएईए बहुधा तिसरे करते, मथळ्यात पहिले छापले जाते. डिसेंबर २०१५ च्या तिच्या निष्कर्षानुसार संघटित शस्त्रसंशोधन २००३ अखेरपर्यंत चालले आणि २००९ नंतरचे विश्वासार्ह संकेत नव्हते. यातला अर्धाच भाग उचलणारे लेख दोन्ही बाजूंना सापडतात.

करार कोणी मोडला, हे तारखांनी ठरवा: ८ मे २०१८ अमेरिकेची माघार, जुलै २०१९ इराणने ३०० किलो ओलांडले, एप्रिल २०२१ साठ टक्के.

तुलना कशाशी?

कराराची तुलना आदर्श कराराशी केली आहे की करार नसण्याशी? बऱ्याच टीकालेखांत हा प्रश्न येतच नाही. उत्तर कोरियाचा दाखला आला तर १९९४ चा अमेरिका-उत्तर कोरिया अणुकरार पाहा. त्या आराखड्याने योंगब्योन या अणुकेंद्रातली प्लुटोनियमची (बॉम्बला चालणाऱ्या दुसऱ्या द्रव्याची) निर्मिती २००२ पर्यंत गोठवली. पहिली अणुचाचणी तो कोसळल्यावर, ९ ऑक्टोबर २००६ रोजी झाली. पण निर्मिती गोठलेली असतानाच गुप्त समृद्धीकरणही चालू होते. गोठवणूक आणि गुप्त समृद्धीकरण या दोन्ही गोष्टी सांगणारा लेख जपून ठेवा आणि पुढची बोलणी फिसकटतील तेव्हा त्याच लेखकाचा नवा लेख शेजारी ठेवून तेच आकडे पुन्हा अधोरेखित करा.