माजी सैनिकाचा मृत्यू सेवेतल्या आजाराने झाला असेल, तर स्पेशल फॅमिली पेन्शन कशी मागावी

सैन्यातून निवृत्त झालेल्या माणसाचं निधन झालं की पत्नीला साधी फॅमिली पेन्शन सुरू होते, आणि पुष्कळ घरांत कागदपत्रांचं काम तिथंच थांबतं. पण ज्या आजारासाठी किंवा दुखापतीसाठी त्यांना डिसॅबिलिटी पेन्शन (सेवेमुळे आलेल्या अपंगत्वाची पेन्शन) मिळत होती, त्यामुळेच मृत्यू झाला असेल, तर स्पेशल फॅमिली पेन्शन मागता येते. साधी पेन्शन हिशेबात धरल्या जाणाऱ्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असते, स्पेशल ६० टक्के. हा दावा आपोआप होत नाही. तो घरच्यांनी करावा लागतो.

सगळ्यात आधी मृत्यूचं कारण कागदावर नीट आलं पाहिजे. मृत्यूची नोंद २१ दिवसांत महापालिकेत, किंवा कॅन्टोन्मेंट हद्दीत असाल तर तिथल्या बोर्डात करा. मात्र तिथून मिळणाऱ्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नसतं. ते असतं डॉक्टरांच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात, आणि त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणं २०२३ च्या दुरुस्तीनंतर रुग्णालयाला बंधनकारक आहे. पुण्यात वानवडीचं लष्कराचं कमांड हॉस्पिटल असो की ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या यादीतलं खासगी रुग्णालय, प्रत घेतल्याशिवाय निघू नका. ती वाचूनही पाहा. नुसतं ‘हृदयक्रिया बंद पडली’ असं लिहिलं असेल तर दाव्याला आधार उरत नाही. त्यामागचा मूळ आजार, म्हणजे जुना हृदयविकार, रक्तदाब, मूत्रपिंडाचा विकार, जे खरं असेल ते नोंदवायला डॉक्टरांना तेव्हाच सांगा. दुःखात हे सुचत नाही, म्हणून घरातल्या एखाद्या जबाबदार माणसाने हे काम अंगावर घ्यावं. उपचारांचे सारांश, ईसीएचएसच्या रेफरल चिठ्ठ्या, जुने रिपोर्ट काहीही टाकू नका.

दरम्यान साधी पेन्शन अडवून ठेवू नका. ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर मृत्यूची माहिती भरा. स्वतः जमत नसेल तर स्पर्श सेवा केंद्रात जा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश), डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, आधार, पॅन आणि पत्नीच्या खात्याचं पासबुक लागेल. नावावरून काम अडतं ते इथंच: पीपीओवर एक स्पेलिंग, आधारवर दुसरं, कुठे माहेरचं आडनाव. पत्नीचं नाव पीपीओवर नसेल तर रेकॉर्ड ऑफिसमधून, म्हणजे सैनिकाची सेवेची कागदपत्रं ठेवणाऱ्या कार्यालयातून, पार्ट टू ऑर्डर (कुटुंबाच्या माहितीची सेवानोंदीतली अधिकृत नोंद) करून घ्यावी लागते.

स्पेशल पेन्शनचा अर्ज जवानांच्या बाबतीत त्यांच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसकडे जातो: बॉम्बे सॅपर्सचं खडकीत, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावात. अर्ज लांबलचक नको. कोणता विकार सेवेमुळे झाला किंवा वाढला असं मेडिकल बोर्डाने (लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने) मान्य केलं, मृत्यू कशाने झाला, आणि दोन्ही जोडणारे कागद कोणते, एवढं लिहा. निवृत्तीची तारीखही स्पष्ट द्या, कारण २०२३ मध्ये नियम बदलले आणि आधी निवृत्त झालेल्यांना जुने लागू होतात. मेडिकल बोर्डाची प्रत घरात नसेल तर माहिती अधिकारात मागा. अर्ज लिहायला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले कल्याण संघटक मदत करतात. एजंटला पैसे देण्याची काही गरज नाही. पोच मात्र जपून ठेवा.

नकार आला तर खचू नका. नकारपत्रातलं कारण घेऊन सहा महिन्यांत पहिलं अपील करा. तेही फेटाळलं तर पुढच्या सहा महिन्यांत दुसरं. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात म्हटलं की भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर तो सेवेतच जडला असं जुन्या नियमांनुसार गृहीत धरावं, आणि तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची. तो खटला डिसॅबिलिटी पेन्शनचा होता, तरी अपिलात त्याचा उल्लेख जरूर करा. त्यानंतर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे. वकिलाच्या फीची चिंता असेल तर पुण्यात शिवाजीनगर न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करा. मोफत कायदेशीर मदतीसाठी स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही.