डिप्लॉय करण्याआधी लॅपटॉपचं घड्याळ यूटीसीवर लावून बघा

पलूसजवळच्या एका दूध संकलन केंद्रासाठी मी छोटं वेब ॲप केलं होतं. लॅपटॉपवर सगळं चोख. क्लाउडवर चढवलं आणि दुसऱ्याच दिवशी फोन आला: पहाटे ५ वाजता घातलेलं दूध कालच्या तारखेत दिसतंय, ५:३० नंतरचं मात्र बरोबर. शेतकऱ्याच्या बिलाचा प्रश्न, त्यामुळे जीव वरखाली झाला.

कारण साधं होतं. क्लाउडवरचे सर्व्हर आणि डॉकरचे कंटेनर (ॲप लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसकट चालवणारे बंद डबे) सहसा यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर चालतात, सर्व्हरचं ठिकाण (रिजन) मुंबई निवडलं तरीही. आपली वेळ त्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढे. म्हणजे सांगलीत पहाटेचे ५:३० वाजेपर्यंत सर्व्हरच्या लेखी कालचाच दिवस असतो. लॅपटॉप भारतीय वेळेवर असल्याने ही चूक घरी दिसतच नाही.

म्हणून लोकल टेस्ट करताना ‘टीझेड’ (TZ) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे ॲपला टाइमझोन सांगणारी सेटिंग, ‘यूटीसी’ (UTC) ठेवून ॲप सुरू करा. शक्य असेल तर जो डॉकर इमेज (ज्यातून कंटेनर सुरू होतो तो तयार साचा) क्लाउडवर जाणार, तोच घरी चालवा. मग पहाटे ५ ची एक नोंद आणि ५:३५ ची एक नोंद घालून दोन्हींची तारीख तपासा.

दुरुस्ती करताना सर्व्हरचं घड्याळ बदलू नका. नवा सर्व्हर घेतला की तो बदल विसरला जातो. डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीतच ठेवा. संकलनाची तारीख मात्र कोडमध्ये ‘एशिया/कोलकाता’ (Asia/Kolkata) हा भारतीय वेळेचा टाइमझोन स्पष्ट देऊन काढा आणि वेगळ्या कॉलममध्ये साठवा. रोजचा हिशोब त्याच कॉलमवर करा.