ऐनूंचा धर्म अभ्यासायचा असेल तर

पुण्यात जपानी शिकणारी बरीच मुलं मला विचारतात, "जपानच्या पारंपरिक धर्मावर संशोधन करायचंय, सुरुवात कुठून करू?" त्यांच्या डोळ्यांसमोर क्योतोची शिंतो देवळं असतात. मी त्यांना उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरच्या ऐनूंकडे, म्हणजे तिथल्या मूलनिवासी लोकांकडे वळायला सांगते, आणि निघण्याआधी थडग्यांचा इतिहास वाचून घ्या म्हणते.

एकोणिसाव्या शतकापासून संशोधकांनी ऐनूंची थडगी उकरून हाडं विद्यापीठांत नेली. एकट्या होक्काइदो विद्यापीठात हजाराहून जास्त जणांचे अवशेष होते. कोर्टातल्या तडजोडीनंतर 2016 साली त्यांतले काही होक्काइदोतल्याच उराकावा इथे परत आले आणि पुन्हा मातीत विसावले. हे ठाऊक असलं, की वही-पेन घेऊन आलेल्या माणसाशी तिथली वडीलधारी मंडळी सुरुवातीला बेताचंच का बोलतात, ते समजतं.

शिराओईचं 'उपोपोय' हे 2020 साली उघडलेलं राष्ट्रीय संग्रहालय जरूर बघा, पण तेवढ्यावर थांबू नका. सारू नदीकाठच्या निबुतानी या ऐनूंच्या गावी जा. मी सगळ्यात जास्त शिकले ते तिथे, चुलीपाशी बसून. घराच्या मधोमध चौकोनी चूल असते आणि पहिली प्रार्थना तिथल्या अग्निदेवतेला, अपे-हुची कामुयला. बाकीच्या कामुयांकडे, म्हणजे देवांकडे, माणसांचा निरोप तीच पोचवते. लाखेच्या पेल्यात साके, म्हणजे तांदळाची दारू असते, पेल्यावर कोरीव लाकडी पट्टी आडवी ठेवलेली. तिला इकुपासुय म्हणतात. म्हातारबाबा तिचं टोक साकेत बुडवून थेंब विस्तवावर सोडतात, मग इनाउवर. इनाउ म्हणजे सोललेली काठी, लाकडाचे पातळ कुरळे पापुद्रे तिच्यावरच लोंबते ठेवलेले. पूर्वेच्या खिडकीतून कामुय ये-जा करतात, म्हणून तिच्यातून बाहेरून आत डोकवायचं नाही.

निबुतानीत धर्म आणि कायदा वेगळे काढताच येत नाहीत. सारू नदीवरच्या धरणासाठी ऐनूंच्या पवित्र जागा आणि जमिनी गेल्या. तिथलेच दोन ऐनू, कायानो शिगेरू आणि काइझावा कोइची, कोर्टात गेले. 1997 साली साप्पोरोच्या न्यायालयाने भूसंपादन बेकायदा ठरवलं, ऐनूंना मूलनिवासी मानलं, पण बांधून झालेलं धरण तसंच राहिलं. संसदेने कायद्यात 'मूलनिवासी' म्हणायला 2019 उजाडलं. माझ्या मते हा निकाल मुळातून वाचल्याशिवाय शोधनिबंधाचा आराखडा लिहूच नये.

त्यासाठी जपानी पक्कं हवं. जपानी भाषेच्या जेएलपीटी परीक्षेतल्या एन-2 पातळीच्या खाली काम भागत नाही. ऐनू भाषा अगदी वेगळी आहे. साप्पोरोच्या एसटीव्ही रेडिओवर तिचे धडे लागतात, पाठ्यपुस्तकं इंटरनेटवर फुकट मिळतात. जपान सरकारच्या मेक्स्ट शिष्यवृत्तीला अर्ज करणार असाल, तर होक्काइदो विद्यापीठातलं ऐनू व मूलनिवासी अभ्यास केंद्र आधी बघा.

कुणालाही "तुम्ही ऐनू का?" असं थेट विचारू नका. लग्नात, नोकरीत भेदभाव सोसलेली कितीतरी घरं ओळख झाकून राहतात. विधीचे फोटो विचारूनच काढा, लिहिलेला मजकूर छापण्याआधी त्यांना वाचायला द्या.

निबुतानीला रेल्वे जात नाही. बस मोजक्याच, तेव्हा परतीची वेळ आधीच बघून ठेवा. जमलं तर ऑगस्टमध्ये जा, नदीत नवी होडी सोडायचा चिपसांके तेव्हाच असतो.