कौटुंबिक फोटोसाठी कपडे निवडताना या चुका टाळा

सुट्टीत सगळे कुटुंब एकत्र जमते, फोटो काढायचे ठरते आणि कपड्यांचा विषय निघाला की पहिली सूचना ठरलेली असते : सगळ्यांनी एकाच रंगाचे कपडे घालूया. ती सोपी असल्यामुळे लगेच मान्यही होते. पण फोटो बिघडण्याची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आमच्या एका फोटोत सातही जण पांढऱ्याशुभ्र कपड्यांत होते आणि तान्हे बाळ माझ्या बहिणीच्या मांडीवर होते. फोटो हाती आला तेव्हा बाळाचे झबले आणि बहिणीचा शर्ट एकमेकांत इतके मिसळून गेले होते, की त्या पांढऱ्या पसाऱ्यातून बाळाची चिमुकली मूठ तेवढी बाहेर आलेली दिसत होती. बाळ तेव्हा केवढे होते, हे त्या फोटोवरून सांगता येत नाही आणि त्याची रुखरुख मला आजही वाटते.

म्हणून एक रंग न ठरवता एकमेकांना शोभणारे तीन-चार रंग ठरवावेत. गडद निळा, राखाडी आणि मातकट गुलाबी घेतले, तर कोणी एकाचा शर्ट निळा असेल, दुसऱ्याच्या कपड्यांत निळा केवळ किनारीपुरता असेल आणि तरीही सगळे एका घरचे दिसतील. त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारी बसणाऱ्यांच्या, आणि विशेषतः मांडीवरच्या मुलाच्या व त्याला घेणाऱ्याच्या कपड्यांत फिकट-गडद असा स्पष्ट फरक असावा. तो आहे की नाही, हे तपासण्याचा खात्रीचा मार्ग असा : सगळे कपडे पलंगावर, ज्या क्रमाने माणसे बसणार त्याच क्रमाने मांडावेत, फोनने फोटो काढावा आणि तो कृष्णधवल करून पाहावा. तांबडा आणि हिरवा डोळ्यांना कितीही वेगळे वाटले, तरी कृष्णधवल फोटोत ते एकाच राखाडी छटेचे दिसले, तर त्या दोघांना शेजारी बसवू नये.

दुसरी चूक अगदी बारीक रेघांच्या किंवा चौकटींच्या कापडाची. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर प्रकाश टिपणाऱ्या बिंदूंची जाळी असते. कापडावरच्या बारीक रेघा त्या जाळीवर विशिष्ट अंतराने पडल्या, की शर्टावर नसलेल्या लाटा, कधी कधी रंगीत लाटा, फोटोत उमटतात. फोटो काढतानाच हे लक्षात आले, तर एक-दोन पावले पुढेमागे सरकून किंवा कोन बदलून पाहावे. मात्र शर्ट बदलणेच उत्तम, कारण त्या लाटा नंतर पुसणे फार किचकट असते.

प्रकाशाचा विचार बहुतेक घरांत होतच नाही, आणि मला ही सर्वांत मोठी चूक वाटते. प्रकाशाची रंगछटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी, तितका प्रकाश पिवळसर. घरातल्या पिवळसर दिव्याचा प्रकाश साधारण 2700 ते 3000 केल्विनचा असतो, तर भर दुपारच्या उन्हाचा सुमारे 5500 केल्विनचा. त्यामुळे रात्री दिव्याखाली एकमेकांशी जुळलेले दोन क्रीम रंग सकाळी बाहेर निघाल्यावर जुळतीलच असे नाही. फोटो ज्या वेळी आणि जिथे काढायचा, त्याच उजेडात कपडे एकदा एकत्र पाहावेत. भडक लाल किंवा चमकत्या पोपटी कपड्याची झाक उन्हात हनुवटीखाली आणि गालांवर पडते. मावळतीचा सूर्य पाठीशी घेणार असाल, तर पातळ कापडाला अस्तर हवे. हिरवळीवर बसताना हिरवे कपडे टाळावेत, नाहीतर पुन्हा तोच विरघळण्याचा प्रकार होतो.

निवडीचा क्रमही सहसा उलटा लागतो. मोठी माणसे आपले कपडे आधी ठरवतात आणि मुलांना त्यात बसवतात. वास्तविक ज्याच्यापुढे पर्याय सर्वांत कमी, त्याच्यापासून सुरुवात करावी. गळ्याची लेस टोचत असलेली पाच वर्षांची मुलगी प्रत्येक फोटोत मान आखडून उभी राहते. तिचा मऊ, वापरातला फ्रॉक आधी निवडावा आणि बाकीच्यांनी आपले रंग त्या फ्रॉकमधून उचलावेत.

मोठ्या अक्षरांचे टी-शर्ट, फोनने फुगलेले खिसे आणि मनगटावर राहिलेले केसांचे रबर एवढे निघण्यापूर्वी पाहून घेतले, तरी पुरे.

एवढे करूनही आजोबा ऐनवेळी आपला जुना तपकिरी स्वेटर घालून येऊ शकतात. त्यांना परत पाठवू नये. त्यांचा चेहरा पडला, तर तो फोटोत दिसतोच. वेगळा रंग कडेला असला, तर नजर चौकटीबाहेर ओढली जाते. म्हणून त्यांना मध्यभागी बसवावे, दोन्ही बाजूंना नातवंडे टेकवावीत आणि घरात तपकिरी रिबीन किंवा स्कार्फ असेल, तर तो दुसऱ्या टोकाच्या कोणाला तरी द्यावा.