चेहऱ्यावर टेक्स्चर असं चढवा की ते त्वचेतलंच वाटेल

चेहऱ्याच्या फोटोवर सुकलेल्या, तडकलेल्या मातीचा फोटो ठेवायचा, ब्लेंड मोड (वरचं चित्र खालच्यात कसं मिसळेल ते) बदलायचा, ऑपॅसिटी म्हणजे अपारदर्शकता थोडी उतरवायची. बरेच जण इथेच थांबतात. मग भेगा गालावरून नाकावर आणि नाकावरून दुसऱ्या गालावर सपाट निघून जातात आणि चेहऱ्यापुढे जाळीचा पडदा धरल्यासारखं दिसतं. ब्लेंड मोड हा यातला सगळ्यांत सोपा भाग. चेहऱ्याचे उंचवटे आणि त्यावरचा प्रकाश टेक्स्चरमध्ये उतरवायलाच खरा वेळ लागतो. पुढची पद्धत फोटोशॉपमधली आहे. गिंप या मोफत प्रोग्राममध्येही यातलं बरंचसं करता येतं, फक्त मेनू वेगळे सापडतील.

आधी टेक्स्चर नीट निवडा. चेहऱ्यावर उजेड डावीकडून येत असेल, तर भेगांच्या सावल्याही तसंच सांगणाऱ्या हव्यात. उलट असतील तर ‘फ्लिप हॉरिझॉन्टल’ने चित्र फिरवून घ्या. रिझोल्यूशन मूळ फोटोच्या तोडीचं असू द्या. छोटं चित्र ताणलं की ते धूसर होतं आणि तिथेच चोरी पकडली जाते.

आता चेहऱ्याचा नकाशा बनवा. मूळ फोटोची वेगळी प्रत काढा, ती ग्रेस्केल करा, थोडा ‘गॉशियन ब्लर’ (चित्र धूसर करणारा फिल्टर) द्या आणि पीएसडी, म्हणजे फोटोशॉपची स्वतःची फाइल, म्हणून सेव्ह करा. ब्लर टाळू नका. नाहीतर त्वचेचं प्रत्येक छिद्र आणि भुवईचा प्रत्येक केस टेक्स्चरला ओढतो आणि ते फाटल्यासारखं दिसतं. बारकावे पुसले जावेत, पण नाक, गाल, ओठ ओळखू यावेत, इतपत ब्लर पुरे.

मूळ फाइलवर परत या. टेक्स्चरचा लेयर, म्हणजे थर, चेहऱ्याच्या वर ठेवा, पूर्ण कॅनव्हास झाकेल एवढा मोठा करा आणि त्याची एक प्रत राखून ठेवा. कंट्रोल-टी दाबून ‘वार्प’ने तो ढोबळमानाने चेहऱ्याच्या गोलाईत वळवा: कडांकडे भेगा जवळजवळ, मधे मोकळ्या. मग फिल्टर, डिस्टॉर्ट, डिस्प्लेस. सुरुवातीला आडवं आणि उभं, दोन्ही स्केल 10 ठेवा आणि फाइल विचारल्यावर तो नकाशा द्या. नकाशात 128 म्हणजे (0 काळा, 255 पांढरा धरून) मधला करडा रंग असेल तिथले पिक्सेल जागेवर राहतात. त्याहून गडद भाग एका दिशेला सरकवतो, उजळ भाग विरुद्ध दिशेला. म्हणजे प्रोग्रामला नाक कळत नाही, फक्त उजेड-अंधार कळतो. म्हणूनच दाढी किंवा काळ्या चष्म्यापाशी तो हमखास फसतो. तिथे नकाशातच मऊ ब्रशने आसपासचा करडा रंग भरा आणि पुन्हा करून पाहा.

यानंतर मिसळण्याची पाळी. ‘मल्टिप्लाय’मध्ये पांढरं नाहीसं होतं, ‘स्क्रीन’मध्ये काळं, तर ‘ओव्हरले’ आणि ‘सॉफ्ट लाइट’मध्ये 50 टक्के करडा रंग परिणामशून्य असतो. या शेवटच्या गोष्टीचा मोठा फायदा आहे. टेक्स्चरचा रंग काढून त्यावर ‘हाय पास’ फिल्टर लावला की त्याचा सपाट भाग जवळपास मधला करडा होतो आणि भेगांच्या कडा तेवढ्या उरतात. आता ‘ओव्हरले’ दिलात तर चेहऱ्याचा मूळ उजेड फारसा बिघडत नाही. मातीचा रंगही हवा असेल, तर राखून ठेवलेल्या प्रतीवर तेवढाच ‘वार्प’ आणि ‘डिस्प्लेस’ करून ती ‘कलर’ मोडमध्ये, कमी ऑपॅसिटीवर वर ठेवा.

मास्क, म्हणजे लेयरचा कुठला भाग दिसावा आणि कुठला लपावा हे ठरवणारा आवरण-थर, मात्र सावकाश करा. डोळे, पापण्या, नाकपुड्या, दात आणि केस यांवरून टेक्स्चर पूर्ण काढा. ओठांवर थोडं राहू द्या, मला ते बरं वाटतं. केसांच्या रेषेपाशी आणि जबड्याखाली मऊ ब्रश, कमी फ्लो (रंग उतरण्याचा वेग). एकसारखी विरत जाणारी कड कृत्रिम दिसते, म्हणून काही ठिकाणी भेगेच्याच आकारात मास्क कापा.

कपाळावरची चमक टेक्स्चरखाली दबली असेल, तर लेयरवर डबल-क्लिक करून ‘ब्लेंड इफ’ उघडा. ‘अंडरलाइंग लेयर’चा पांढरा स्लायडर डावीकडे आणा, म्हणजे सर्वांत उजळ जागी खालची त्वचा दिसू लागेल. ऑल्ट धरून ओढलात की स्लायडर दुभंगतो आणि ही सीमा मऊ होते.

शेवटी फोकस आणि दाणे. डोळे स्पष्ट आणि कान धूसर असा फोटो असेल, तर कानाजवळचं टेक्स्चरही तितकंच धूसर करा. जास्त आयएसओवरच्या (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता वाढवून काढलेल्या) फोटोत बारीक ठिपक्यांसारखे दाणे असतात, पण वरून आणलेल्या टेक्स्चरमध्ये ते नसतात. त्यासाठी सगळ्यात वर 50 टक्के करड्या रंगाचा लेयर ‘ओव्हरले’मध्ये ठेवून त्यावर ‘अ‍ॅड नॉइज’ द्या, ‘मोनोक्रोमॅटिक’ चालू ठेवून. 100 टक्के झूमवर त्वचा आणि भेगा दोन्हींवरचे दाणे सारखे दिसेपर्यंत प्रमाण कमीजास्त करा.